रॉकेट उठत नाही, तेव्हा आधी काय पाहावे?



यंदा मे महिन्यात आमच्या हळर्णच्या घरात सलग पाच दिवस एकही रॉकेट उडाले नाही. नातू सुट्टीला आला होता. वय वर्षे अकरा, मुक्काम पुणे. सोबत लॅपटॉप आणि त्यात 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' नावाचा खेळ. पडवीत फणसाचे गरे सोललेले, नदीवरून वारा येतोय, आणि हा पोरगा सकाळपासून पडद्यासमोर कपाळाला आठ्या घालून बसलेला. पहिल्या दिवशी मी रागावलो. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप कपाटात ठेवायची धमकी दिली. तिसऱ्या दिवशी तो आजीला हळूच म्हणाला, "मला काहीच जमत नाही, मी ढ आहे." ते मी आतल्या खोलीतून ऐकले आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उभी नोकरी बँकेत गेली. रॉकेटशी माझा संबंध बातम्या वाचण्यापुरता. तरीही हा लेख लिहितो आहे, कारण आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुले हा खेळ खेळतात असे चवथीला गावी आलेल्या मंडळींकडून कळले, आणि "इंजिन चालत नाही" ही तक्रार सगळीकडे एकच आहे.

आधी खेळाविषयी थोडे. मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड या कंपनीने तो २०११ साली लोकांपुढे आणला, पहिली पूर्ण आवृत्ती २०१५ साली निघाली. यात मारामारी नाही. कारखान्यात जाऊन सुटे भाग एकावर एक बसवायचे, रॉकेट तयार करायचे, तळावर न्यायचे आणि उडवायचे. आत हिरव्या रंगाची बुटकी माणसे बसतात. त्यांचा ग्रह कर्बिन, त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर, म्हणजे आपल्या पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याहून लहान. पण जमिनीवरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकेच ठेवले आहे, आणि हवा ७० किलोमीटरवर संपते. ग्रह कल्पनेतला, हिशेब मात्र खरा. वजन, रेटा, इंधन यांचे गणित चुकले की रॉकेट उठत नाही, कितीही बटणे दाबा.

नातवाची पद्धत अशी होती. रॉकेट उडाले नाही की तो ते पुसून टाकायचा आणि पहिल्यापासून नवे बांधायचा. मी शेजारी बसल्यावर पहिला सल्ला दिला, "मोठे इंजिन लाव." त्याने लावले. तेही पेटले नाही. सल्ला चुकीचा होता हे मला पुढे कळले. जे पेटतच नाही ते लहान असो की मोठे, काय फरक पडणार?

तेव्हा मला नोकरीतली एक रात्र आठवली. सहामाही अखेर होती, संगणक यायचे होते, सगळे हाताने. ताळा जुळेना. फरक ५,४०० रुपयांचा. मी नवाच होतो. पहिल्या व्हाउचरपासून सगळे पुन्हा तपासायला बसलो. रात्री दहा वाजता आमचे हेडक्लार्क मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आधी फरकाकडे बघ. नऊने भाग जातो का?" ५,४०० ला नऊने भाग जातो. म्हणजे बहुतेक दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले असणार. शोधले तर ८,२६० च्या जागी २,८६० पडले होते. पंधरा मिनिटांत घरी. फरक १,२०० असेल तर ६०० ची एखादी रक्कम जमेऐवजी नावे पडली आहे का, ते आधी पाहायचे, हेही त्यांनीच शिकवले. फरकच सांगतो की कुठे शोधायचे. सगळी वही पुन्हा लिहायची नसते.

नातवाला मी विचारले, "तुझे रॉकेट नक्की काय करते?" तो म्हणाला, "काहीच नाही." मी म्हटले, "ज्वाळा दिसते?" तो थांबला. त्याने पाहिलेच नव्हते.

इथूनच सुरुवात करावी. खालून ज्वाळा निघते की नाही? निघत नसेल तर दोष एका बाजूला शोधायचा, निघत असेल आणि रॉकेट उभेच असेल तर दुसऱ्या बाजूला. वर जाऊन मध्येच विझत असेल तर तिसरीकडे.

ज्वाळाच नाही, या प्रकारात दोन गोष्टी अगदी क्षुल्लक आहेत आणि त्याच सर्वांत जास्त वेळा चुकतात. एक म्हणजे थ्रॉटल, मोटारीच्या ॲक्सिलरेटरसारखा. पडद्याच्या खालच्या गोल यंत्राच्या डाव्या बाजूला त्याचा काटा असतो. तो शून्यावर असेल तर इंजिन चालू होऊनही काही घडत नाही. झेड दाबले की पूर्ण, एक्स दाबले की बंद, शिफ्टने हळूहळू वाढवायचा, कंट्रोलने कमी करायचा. दुसरी गोष्ट स्टेजिंगची यादी. स्पेसबार दाबला की यादीतला सर्वांत खालचा गट चालतो, पुन्हा दाबला की त्यावरचा. भाग बसवताना ही यादी खेळ आपणहून तयार करतो आणि ती नेहमी आपल्या मनासारखी नसते. इंजिनाचे चित्र वरच्या गटात गेलेले असेल तर पहिल्या दाबाला दुसरेच काहीतरी सुटते. उडवण्याआधी यादी खालून वर मोठ्याने वाचायची, असा आम्ही नियम केला. रोकड दोघांनी मोजायची असते, तसेच हे.

दोन्ही तपासले. थ्रॉटल पूर्ण, यादी बरोबर, तरी ज्वाळा नाही. मग मी विचारले की या इंजिनावर माउसचे उजवे बटण दाबले तर काही माहिती येते का. आली. एक छोटी चौकट उघडली आणि तिच्यात स्थितीच्या जागी लिहिले होते, फ्लेम-आउट. म्हणजे इंजिनाला काहीतरी मिळत नाही. पाच दिवस ती चौकट तिथेच होती आणि आम्ही दोघांनी ती उघडली नव्हती! प्रत्येक भागाला अशी चौकट आहे. पालकांनी एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धे काम होईल.

मग टाकीची चौकट उघडली. तिच्यात दोन रकाने असतात, द्रव इंधन आणि ऑक्सिडायझर. इंधनाचा रकाना भरलेला, ऑक्सिडायझर शून्य. विचारल्यावर नातू म्हणाला, "ते मीच काढलं. इंधन तर आहे ना? दुसरं कशाला उगाच? वजन वाढतं."

त्याचा तर्क अगदीच वाईट नव्हता, वजन कमी करायला हवेच असते. तेवढ्यात मोपाच्या विमानतळावरून उठलेले एक विमान डोक्यावरून गेले. पेडण्यात आता हा आवाज नेहमीचा झाला आहे. मी त्याला विचारले, चुलीत लाकूड आहे पण वारा बंद केला तर काय होईल? जळायला प्राणवायू लागतो. ते विमान तो वाटेतल्या हवेतून ओढून घेते, म्हणून त्याला फक्त इंधन न्यावे लागते. रॉकेटला हवेच्या बाहेर जायचे आहे, तिथे ओढायला काही नाही. म्हणून ते आपला प्राणवायू स्वतःच घेऊन जाते, तोच हा ऑक्सिडायझर. खेळातल्या साध्या इंजिनांना दोन्ही लागतात, आणि ठरलेल्या प्रमाणात, ९ भाग इंधनाला ११ भाग ऑक्सिडायझर. मधल्या आकाराच्या एका टाकीत १८० आणि २२० असे ते भरलेले येते. एक संपले की दुसरे कितीही शिल्लक असो, इंजिन विझते. मी त्याला म्हटले, जमेशिवाय नावे पडत नाही. ते त्याला कळले नाही, पण चुलीचे कळले. (खेळात विमानाची इंजिनेही आहेत. ती रॉकेटला लावून अवकाशात जाऊ पाहणारी मुले वर जाऊन फसतात, कारण हेच.)

रकाना भरला, स्पेसबार दाबला आणि ज्वाळा निघाली. घरात एकच आरडाओरडा. आजी स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटले, शेगडीचे काही झाले.

ज्वाळा होती, पण रॉकेट तळावरून हलेना.

हा दुसरा प्रकार, आणि माझ्या मते या खेळातले सर्वांत सुंदर प्रकरण, कारण ते शुद्ध हिशेबाचे आहे. इंजिन वर ढकलते, वजन खाली ओढते. ढकलणे जास्त असेल तरच रॉकेट उठते. खेळ वजन टनांत देतो आणि रेटा किलोन्यूटनमध्ये. किलोन्यूटनला साधारण दहाने भागा म्हणजे किती टन उचलेल ते कळते. नातवाने टेरियर नावाचे छोटे, हलके इंजिन लावले होते, कारण त्याच्या माहितीत त्याची नोंद चांगली दिसत होती: ६० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे सहा टन. त्याचे रॉकेट, म्हणजे माणसाची कुपी, छत्री, एक टाकी आणि इंजिन मिळून ३.७ टनांच्या आसपास. सहा टन रेटा आणि पावणेचार टन वजन, मग उठायला हवे.

पण चौकटीत रेट्याचे दोन आकडे असतात, एक निर्वातातला आणि एक जमिनीलगतच्या हवेतला. टेरियर मुळात वर, हवेबाहेर चालवायचे इंजिन आहे. जमिनीवर त्याचा रेटा ६० वरून सुमारे १५ किलोन्यूटनवर येतो, म्हणजे जेमतेम दीड टन. ३.७ टन कसे उचलणार? गंमत पुढे आहे. इंधन जळत गेले की वजन घटते, तेव्हा थोड्या वेळाने तरी उठेल असे नातवाला वाटले. आम्ही कागदावर मांडले. टाकीतले दोन टन पूर्ण जळून गेले तरी १.७ टन उरतात. दीड टनाचा रेटा तेही उचलत नाही. ते रॉकेट तळावर उभ्या उभ्या सगळे इंधन जाळून टाकणार होते, आणि आम्ही पाहत असताना त्याने तसेच केले.

मग स्विव्हल हे इंजिन लावले. जमिनीवर सुमारे १६८ किलोन्यूटन, म्हणजे १७ टन. स्वतःचे वजन दीड टन. रॉकेट आता ४.७ टनांचे. ते असे सुसाट गेले की नातू टाळ्या वाजवायचे विसरला. साहजिकच पुढच्या वेळी त्याने एकाऐवजी आठ टाक्या रचल्या. वजन झाले वीस टनांच्या वर, आणि रॉकेट पुन्हा जमिनीवर. या वेळी मात्र ते थोडा वेळ धूर काढत उभे राहिले आणि मग आपोआप, अगदी आळसटल्यासारखे उठले. का, ते त्याने स्वतः सांगितले: साडेतीन टन जळून गेल्यावर वजन सतराच्या खाली आले. तेवढे इंधन फुकट गेले. रेट्याला वजनाने भागून उत्तर साधारण दीड यावे. एकापेक्षा कमी आले तर उठणार नाही, तीन-चार आले तर खाली हवेशीच झुंजण्यात इंधन जाते. स्विव्हलवर अशा चार टाक्या ठेवल्या तर हिशेब नेमका दीडच्या आसपास येतो. नंतरच्या आवृत्त्यांत हा भागाकार खेळ स्वतःच दाखवतो, पण तो पहिल्यांदा कागदावर करावा, असे माझे जुने मत.

चौकटीत रेट्याची मर्यादा ठरवणारी एक पट्टीही असते. चुकून ती शून्याकडे ओढली गेली असेल तर चांगले इंजिन मरगळलेले दिसते. आमच्याकडे हे एकदाच झाले.

घन इंधनाची नळकांडी निराळी. फ्ली, हॅमर अशी त्यांची नावे. ती दिवाळीच्या बाणासारखी, एकदा पेटली की थांबत नाहीत, थ्रॉटल त्यांना लागू नाही. जोर कमी करायचा तर तीच मर्यादेची पट्टी कारखान्यात आधीच ओढून ठेवावी लागते. साधी वस्तू म्हणून मुले त्यांना कमी लेखतात. भारताचे पहिले यशस्वी उपग्रह-प्रक्षेपक एसएलव्ही-३ चारही टप्प्यांत घन इंधनावरच होते. १८ जुलै १९८० रोजी त्याने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, तेव्हा विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक आपले पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर होते. घन इंधनाचे तंत्र भारतात उभे करणाऱ्यांतले ते एक. त्याआधी १० ऑगस्ट १९७९ चे पहिले उड्डाण फसले होते. दुसऱ्या टप्प्याची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेत एका झडपेतून आम्ल गळून गेले होते. इंधन ठीक, रेटा ठीक, गळती एका झडपेत.

आता तिसरा प्रकार, वर जाऊन विझणे. इथे नातू सर्वांत जास्त चिडला, कारण इतके श्रम करून मध्येच सगळे शांत होते. त्याने मुख्य टाकीच्या दोन्ही बाजूंना जादा टाक्या जोडल्या होत्या. मधले इंजिन विझले तेव्हा बाजूच्या दोन्ही टाक्या काठोकाठ भरलेल्या. त्या जोडल्या होत्या डीकपलरने, म्हणजे वेळ आली की भाग सोडून देणाऱ्या कडीने. ही कडी मुळात इंधन पलीकडे जाऊ देत नाही. नंतरच्या आवृत्त्यांत तिच्या चौकटीत ती परवानगी देण्याचे बटण आहे, नाहीतर इंधन वाहून नेणारी नळी जोडावी लागते. आयुष्यभर मी हेच लोकांना काउंटरवर समजावले: साहेब, पैसे तुमचेच आहेत, पण ते त्या खात्यात आहेत आणि चेक या खात्याचा आहे. टाकीच्या चौकटीत प्रत्येक रकान्याशेजारी एक हिरवी खूण असते, ती दाबली गेली तर टाकीच बंद होते. तीही पाहावी. आणि कडीवर एक बाण असतो. कडी उलटी बसली तर ती सुटताना वरच्या इंजिनाच्या तोंडालाच लटकून राहते, आणि ज्वाळा तिच्यावरच आदळते.

खऱ्या जगात असे होते का, हे नातवाने विचारले. होते. १२ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१० निघाले. पहिला टप्पा उत्तम, दुसरा उत्तम. तिसऱ्या टप्प्याचे इंजिन द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारे. हायड्रोजन उणे २५३ अंशांवर द्रव राहतो. हे इंजिन पेटलेच नाही आणि ईओएस-०३ हा उपग्रह गेला. चौकशी समितीने जे काढले ते माझ्या हेडक्लार्कना आवडले असते. हायड्रोजनच्या टाकीत जेवढा दाब तयार व्हायला हवा तेवढा झाला नव्हता, कारण जादा वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेत गळती होती. दाब कमी, म्हणून इंधन पुढे ढकलणारा पंप नीट चालला नाही, म्हणून इंजिन पेटले नाही. दुखणे इंजिनात दिसले, मूळ टाकीवरच्या झडपेत निघाले. पुढे २९ मे २०२३ रोजी याच जातीचे एफ१२ व्यवस्थित गेले.

त्याहूनही मला आवडलेली गोष्ट १९ ऑगस्ट २०१३ ची. जीएसएलव्ही-डी५ च्या उड्डाणाला सुमारे सव्वा तास उरला असताना दुसऱ्या टप्प्यात इंधनाची गळती दिसली. सगळा देश बघत होता, तरी थांबले. ५ जानेवारी २०१४ रोजी तेच उड्डाण यशस्वी झाले. आपल्या खेळात एफ५ दाबले की जागा जतन होते, एफ९ ने परत येता येते, आणि उड्डाण मागे घेऊन पुन्हा तळावर किंवा कारखान्यातही जाता येते. ती सोय श्रीहरिकोट्याला नाही. मुलांनी ती भरपूर वापरावी, मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. इंजिन, टाक्या आणि यादी एकदम बदलून रॉकेट उडाले तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

इंजिनाच्या माथी मारले जाणारे दोन दोष इंजिनाचे नसतात. रॉकेट वर जाऊन उलटेपालटे होते, हा पहिला. रिलायंट हे इंजिन स्विव्हलपेक्षा जोरदार आहे, पण त्याचे तोंड वळत नाही, त्यामुळे त्याला दिशा सांभाळता येत नाही. खाली पंख लावावेत, टी दाबून स्थिर ठेवणारी यंत्रणा चालू करावी, किंवा स्विव्हल घ्यावे. दुसरा, माणसाविना उडणाऱ्या यानात बॅटरी संपते आणि मग ते कोणतीच आज्ञा ऐकत नाही. सौरपट्टी लावायची राहिलेली असते. गावात वीज गेल्यावर पंप चालत नाही म्हणून आपण पंप उघडून बसत नाही, तसेच हे.

सुट्टीची शेवटची संध्याकाळ. खाली स्विव्हल, वर टेरियर, मध्ये कडी. मी यादी वाचायचे विसरलो, त्यानेही घाई केली. खालचा टप्पा छान चालला. स्पेसबार दाबला, कडी सुटली, आणि त्याच क्षणी वर छत्रीही बाहेर आली, कारण ती त्याच गटात पडली होती. वेगाने छत्रीच्या चिंध्या झाल्या. मी सवयीने म्हणालो, "चल, पुसून नवे बांधू." तो म्हणाला, "थांबा आजोबा, बाकी सगळं बरोबर होतं. फक्त छत्री वरच्या गटात टाकू."

टाकली. चौदा मिनिटांनी टेरियर ७० किलोमीटरच्या वर पेटले आणि यान कर्बिनभोवती फिरू लागले. तेवढ्यात हळर्णची वीज गेली. लॅपटॉपच्या बॅटरीत एकोणीस टक्के शिल्लक होती. आम्ही अंधारात बसून पूर्ण एक फेरी पाहिली.

आता तो पुण्यात आहे. रविवारी फोन येतो. सध्या त्याचे यान मनवर, म्हणजे कर्बिनच्या चंद्रावर उतरते, पण परतायला इंधन पुरत नाही. गेल्या आठवड्यात त्याने टाक्यांचे आकडे मला लिहून पाठवले. माझ्या हिशेबाने थोडेसेच कमी पडते आहे, आणि उतरताना तो फार लवकर ब्रेक लावतो असा मला संशय आहे. रविवारी विचारायचे आहे.